रिंग रोटेटरवरचा बीम वेल्डिंग चालू असताना आपोआप फिरतो : कारण कसे शोधावे आणि कायमचा उपाय कसा करावा

जळगाव, भुसावळ आणि धुळे या पट्ट्यात जिनिंग, डाळ मिल, केळी पिकवण्याची केंद्रे आणि गोदामे यांच्यासाठी लोखंडी खांब आणि तुळया तयार करणाऱ्या लहान-मध्यम शेडमधून आता बीम क्रेनने उलटवण्याऐवजी रिंग रोटेटर वापरण्याची पद्धत रुळते आहे. मी अशाच एका शेडमधले काम पाहतो. बीम दोन रिंगांमध्ये आवळायचा, प्रत्येक रिंग आपल्या स्टँडवरच्या दोन रोलरांवर टेकवायची आणि मोटर व वर्म गिअरबॉक्स यांच्या साहाय्याने रोलर फिरवून हवा तो कोन घ्यायचा, अशी ही रचना असते. फिलेट वेल्ड (कोपऱ्यातला सांधा) सपाट अवस्थेत, म्हणजे वेब (बीमचा मधला उभा पत्रा) आणि फ्लँज (त्याच्या दोन्ही कडांचे आडवे पट्टे) यांची खाच होडीसारखी वर तोंड करून समोर आली, की रस चांगला बसतो, वेल्डरला मान वाकडी करावी लागत नाही आणि काम लवकर उरकते. हे सगळे फायदे खरे आहेत. तरीही एक दोष पुन्हा पुन्हा डोके वर काढतो : कोन घेऊन बटण सोडले, वेल्डरने काम सुरू केले, आणि थोड्या वेळाने बीम स्वतःहून हळूहळू झुकू लागतो किंवा एकदम पाव फेरा घेऊन मोकळा होतो.

आमच्याकडे एका हंगामात हे तीनदा घडले. पहिल्यांदा आम्ही ब्रेकचे लायनर बदलले. दुसऱ्यांदा मोटर कमजोर आहे असे समजून मोठी मोटर बसवली. तिसऱ्या वेळी ‘भाऊ, बीम आपोआप फिरी ऱ्हायना’ (फिरतो आहे) अशी हाक आली आणि मागे वळून पाहीपर्यंत खांबाला जोडलेल्या ब्रॅकेटचे टोक एका हेल्परच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून खाली गेले होते. त्या दिवशी काम बंद ठेवून आम्ही प्रथमच नीट मोजमाप केले, आणि आधीचे दोन्ही उपाय चुकीच्या जागी केले होते हे लक्षात आले. ज्यांच्याकडे हाच त्रास आहे, त्यांनी मोटर किंवा ब्रेकवर खर्च करण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

तपासणीआधीची व्यवस्था

बीम रोटेटरवर असताना आणि दोष माहीत नसताना त्याच्या फिरण्याच्या घेरात कोणीही उभे राहू नये. घेर मोजताना बीमचा कोपरा नव्हे, तर ब्रॅकेट, गसेट किंवा क्लीट अशा बीमला जोडलेल्या तुकड्यांचे सर्वांत लांबचे टोक धरावे आणि तेवढी जागा जमिनीवर रंगाने आखून घ्यावी. तपासणी होईपर्यंत क्रेनचा पट्टा बीमभोवती किंचित सैल ठेवून अडकवलेला असावा. तो घट्ट ताणला तर बीमचे वजन रोलरांवरून उचलले जाते आणि आपण जे तपासतो आहोत तेच बदलते. फ्लँजच्या धारेवर पट्टा थेट घासणार नाही यासाठी मध्ये कोपऱ्याचे जाड रबर किंवा अर्धा कापलेला पाइप घालावा. बटण सोडताच थांबणारा पेंडंट (हातातला लोंबता बटणांचा डबा) नसेल, म्हणजे एकदा दाबल्यावर मोटर चालूच राहत असेल, तर तो आधी बदलून घ्यावा.

खडूच्या तीन रेघा

दोष नेमका कोणत्या सांध्यात आहे हे ओळखण्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. हव्या त्या कोनात बीम थांबवल्यावर तीन ठिकाणी खडूने सलग रेघ ओढावी. पहिली रेघ बीमच्या फ्लँजवरून त्याला आवळणाऱ्या रिंगच्या जबड्यावर जाणारी, दुसरी रिंगवरून चालवणाऱ्या रोलरवर जाणारी, आणि तिसरी रोलरच्या शाफ्टवरून बेअरिंगच्या स्थिर घरावर जाणारी. बीम सरकला की कोणती रेघ तुटली ते पाहावे. पहिली तुटली असेल तर बीम रिंगच्या आत सैल झाला आहे. दुसरी तुटली आणि तिसरी शाबूत असेल तर रोलर जागीच आहे आणि रिंग त्याच्यावरून घसरली आहे. तिसरी तुटली असेल तर गिअरबॉक्स किंवा ब्रेक यांनी भार सोडला आहे.

आमच्याकडे दुसरी रेघ तुटत होती. याचा अर्थ असा, की ब्रेक पूर्णपणे घट्ट होता आणि तरीही बीम फिरत होता, कारण ब्रेक मोटरच्या शाफ्टला धरतो, बीमला नाही. बीम आणि ब्रेक यांच्यामध्ये रिंग आणि रोलर यांच्यातले केवळ घर्षण असते, आणि ते अपुरे पडले की ब्रेक कितीही नवा असला तरी उपयोग नसतो. मोठ्या मोटरचेही तसेच. तिने रोलर अधिक जोराने फिरतो, रिंग मात्र तेवढीच घसरते.

मूळ कारण : वजनाचा मध्य आणि फिरण्याचा मध्य एक नसणे

बीम रिंगच्या बरोबर मध्यभागी असेल आणि दोन्ही अंगांनी सारखा असेल, तर तो कोणत्याही कोनात शांत राहतो. प्रत्यक्षात असे क्वचित घडते. एक उदाहरण आकड्यांसह मांडतो, कारण माझ्या मते हा हिशेब समजला की अर्धा त्रास तिथेच संपतो.

६०० मिलिमीटर खोलीचा आयएसएमबी (भारतीय मानकाचा आय-आकाराचा) बीम मीटरला सुमारे १२३ किलो भरतो, म्हणजे १० मीटर लांबीचा खांब सुमारे १२३० किलोचा. त्याच्या एका फ्लँजवर ७० किलोचे ब्रॅकेट जोडायचे आहे आणि ते फ्लँजपासून ४०० मिलिमीटर बाहेर येते. फ्लँज बीमच्या मध्यापासून ३०० मिलिमीटरवर आणि ब्रॅकेटचा मध्य त्यापुढे सुमारे २०० मिलिमीटरवर, म्हणजे ७० किलो वजन फिरण्याच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर लटकते. याचा पीळ, म्हणजे बीमला फिरवू पाहणारा जोर (वजन गुणिले मध्यापासूनचे अंतर), झाला ३५ किलोग्रॅम-मीटर. आता जबड्यात पॅकिंग कमी-जास्त झाल्यामुळे बीम त्याच बाजूला २० मिलिमीटर सरकून बसला असेल, तर १२३० किलोचा आणखी सुमारे २५ किलोग्रॅम-मीटर पीळ त्यात मिळतो. दोन्ही मिळून ६०. केवळ २० मिलिमीटरच्या चुकीने ब्रॅकेटच्या दोन-तृतीयांशाहून अधिक त्रास वाढवला, ही गोष्ट आमच्या फिटरला प्रथम पटेना. टेपने मोजून दाखवल्यावर पटली.

रिंगचा बाहेरचा व्यास १२०० मिलिमीटर असेल तर तिच्या कडेवर हा पीळ १०० किलो वजनाइतक्या जोराने ओढतो. त्याला अडवणारे घर्षण किती आहे ते पाहू. ब्रॅकेटसह एकूण १३०० किलो वजन दोन स्टँडांवर सारखे वाटले गेले असे धरले, तर एका स्टँडवर ६५० किलो येतात, आणि रोलर उभ्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ३० अंशांवर असतील तर प्रत्येक रोलरवर सुमारे ३७५ किलोचा दाब पडतो. कोरड्या, स्वच्छ पोलादावर पोलाद टेकले असताना हिशेबासाठी घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला, तर एक रोलर जेमतेम ५६ किलोचा जोर धरू शकतो. तेलकट झालेल्या रोलरसाठी गुणांक ०.१ धरला तर हाच आकडा ३७ वर येतो. आमच्या रोटेटरमध्ये चारपैकी एकच रोलर मोटरला जोडलेला होता आणि बाकीचे तीन मोकळे होते. १०० किलोची ओढ आणि ५६ किलोची पकड, असा तो मामला होता.

येथे एका फसव्या अवस्थेकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. ब्रॅकेट बरोबर वर किंवा बरोबर खाली असताना पीळ शून्य असतो आणि तो आडवा आला की सर्वाधिक होतो. खाली असताना बीम खरोखर स्थिर असतो. वर असताना तो केवळ तसा दिसतो. त्या स्थितीत बीम अगदी शांत दिसतो आणि माणसे निर्धास्त होतात, पण चिपिंग हातोडीचे दोन ठोके बसले आणि तो थोडा कलला, की पुढे त्याचे वजनच त्याला ओढत नेते. आमच्याकडचे तीनही प्रसंग स्लॅग (वेल्डवर साचलेली खपली) झाडताना घडले होते, प्रत्यक्ष वेल्डिंग करताना नव्हे.

उपाय : अर्ध्यावर मांडणी

उलट बाजूला प्रतिभार बांधणे हा उपाय सर्वांना सुचतो. तो चुकीचा नाही, परंतु शेडमध्ये पडलेला कोणताही तुकडा तारेने बांधून प्रतिभार केला जातो आणि मग तो तुकडाच धोका होतो. त्यापेक्षा बीमच रिंगमध्ये थोडा सरकवून बसवणे अधिक चांगले. वरच्या उदाहरणात बीमचा मध्य रिंगच्या मध्यापासून ब्रॅकेटच्या विरुद्ध बाजूला सुमारे २७ मिलिमीटर सरकवला, तर ब्रॅकेट जोडल्यानंतर सगळे वजन मध्यावर येते आणि पीळ नाहीसा होतो. मात्र ब्रॅकेट जोडण्यापूर्वी त्याच मांडणीत बीम उलट्या बाजूला ३३ किलोग्रॅम-मीटरने ओढणार, म्हणजे आपण दोष मिटवला नाही, केवळ कामाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे नेला.

म्हणून आम्ही मधली जागा घेतो. बीम २७ ऐवजी १३ ते १४ मिलिमीटर सरकवला, की ब्रॅकेट नसताना एका बाजूला सुमारे १७ आणि ब्रॅकेट लागल्यावर दुसऱ्या बाजूला तेवढाच पीळ राहतो. कडेवरची ओढ सुमारे २९ किलो होते. तेलकट झालेला एकटा रोलरही एवढी ओढ धरू शकतो. ही मांडणी सुरू केल्यापासून आमच्याकडे रिंग घसरलेली नाही. प्रत्येक नगासाठी कागदावर हा हिशेब करायला दहा मिनिटे लागतात, आणि एकाच नमुन्याचे वीस खांब असतील तर तो एकदाच करावा लागतो.

बीम मध्यावर आहे का हे तपासताना टेप फ्लँजच्या कडेपासून रिंगच्या आतल्या कडेपर्यंत चारही बाजूंनी लावावा आणि दोन्ही रिंगांवर स्वतंत्रपणे मोजावे, कारण एक टोक बरोबर आणि दुसरे चुकलेले असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. बीममध्ये आडवा बाक असेल तर तोही हिशेबात धरावा. एकाच अंगाचे स्टिफनर (बळकटीच्या पट्ट्या) आधी वेल्ड केले तर उष्णतेने बीम त्या अंगाला ओढला जातो, आणि टोकांजवळच्या रिंगांमध्ये बरोबर बसवलेला बीम मधल्या भागात बाहेर जातो. त्यासाठी वेल्डचा क्रम दोन्ही अंगांना आलटून-पालटून ठेवावा. रोटेटर असल्यामुळे हे सहज करता येते. तरीही वारंवार बीम फिरवण्याचा कंटाळा करून एक बाजू पूर्ण केली जाते.

रोलर, जबडे आणि कुलूप

शक्य असल्यास एकाऐवजी दोन्ही स्टँडांवरचे प्रत्येकी किमान एक रोलर चालवावे. एकच रिंग चालवली आणि दुसऱ्या स्टँडचे रोलर जाम असतील, तर बीमच पिळला जातो, कारण आय-आकाराचा उघडा छेद वाकण्याला जितका दणकट असतो तितकाच पिळण्याला कमजोर असतो. असा साठलेला पीळ अचानक सुटतो आणि बीम झटका देतो. याच कारणासाठी एक रिंग कुलूपबंद ठेवून दुसरी चालवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. रिंग आणि रोलर यांच्या पृष्ठभागावर ग्रीस लावू नये; ग्रीस बेअरिंगसाठी असते. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांजवळ जातो, पत्र्याखाली त्याहून अधिक तापते, बेअरिंगमधले ग्रीस पातळ होऊन रोलरच्या तोंडावर उतरते, आणि मग ‘हा रोटेटर मे महिन्यातच का बिघडतो’ असा प्रश्न पडतो. रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसणे आणि रिंगवर चिकटलेले स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) छिन्नीने काढणे पुरेसे आहे.

पहिली रेघ तुटत असेल, म्हणजे बीम जबड्यात सरकत असेल, तर जबड्याखालचा रेड ऑक्साइड रंग घासून काढावा, जबडे वेबवर नव्हे तर फ्लँजवर टेकवावेत आणि पहिल्या पूर्ण फेऱ्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. पहिल्या फेऱ्यात बीम जबड्यांत आपली जागा घेतो आणि थोडी ढिलाई येतेच.

तिसरी रेघ तुटत असेल तर गिअरबॉक्सकडे वळावे. वर्म गिअरबॉक्स उलटा फिरत नाही, या विश्वासावर बरेच जण ब्रेकशिवाय काम करतात. एका आट्याचा, कमी कोनाचा वर्म स्थिर भार धरतो हे खरे. पण झिजलेल्या चाकात, तापून पातळ झालेल्या तेलात आणि हातोडीच्या कंपनात तो थोडा थोडा सरकू शकतो. ब्रेक असेल तर तो स्प्रिंगने लागणारा आणि वीज आल्यावर सुटणारा असावा, म्हणजे वीज गेली तरी भार धरला जातो. आणि त्या ब्रेकचा हाताने सोडण्याचा दांडा पाहावा. तो तारेने बांधून ठेवलेला मी दोन वेगवेगळ्या ठिकाणी पाहिला आहे, कारण एकदा ब्रेक अडकला होता आणि कोणीतरी काम चालू राहावे म्हणून बांधला, पुढे सोडायचे राहून गेले.

एवढे करूनही बीम धरून ठेवण्याचे काम घर्षणावर किंवा गिअरवर सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे. आम्ही एका रिंगच्या बाजूला दर १५ अंशांवर एक याप्रमाणे २४ भोके पाडली आणि स्टँडला जोडलेल्या जाड कानातून २५ मिलिमीटरची खीळ घालण्याची सोय केली. कोन घ्यायचा, खीळ घालायची, खीळ बसल्याचे वेल्डरने स्वतः डोळ्यांनी पाहायचे आणि मगच आर्क धरायचा. खीळ आत असताना मोटरचा पुरवठा तुटेल असा लिमिट स्विच बसवला आहे, नाहीतर कोणीतरी खिळीसकट बटण दाबतो आणि बीम पिळतो.

बेअरिंगचा टकटक आवाज

बीम घसरत नाही पण फिरताना अडखळतो, ठरावीक अंतराने टक असा आवाज येतो, अशी तक्रार असेल तर अर्थ क्लॅम्प (वेल्डिंगचा प्रवाह परत नेणाऱ्या केबलचा चिमटा) कोठे लावला आहे ते पाहावे. सोयीसाठी तो स्टँडच्या पायाला लावलेला असतो. तेव्हा वेल्डिंगचा सगळा प्रवाह बीममधून रिंगमध्ये, रिंगमधून रोलरमध्ये आणि तेथून बेअरिंगच्या गोळ्यांमधून परत जातो. प्रत्येक गोळीच्या टेकण्याच्या बिंदूवर लहान ठिणगी पडते आणि धावेवर करड्या खड्ड्यांच्या ओळी उमटतात. बेअरिंग बदलले तरी काही महिन्यांनी तेच होते. अर्थ क्लॅम्प थेट बीमवर, वेल्डच्या शक्य तितक्या जवळ लावावा. केबल बीमभोवती गुंडाळली जाऊ नये म्हणून एक फेरा झाल्यावर उलट फिरवावे, किंवा फिरता अर्थ जोड बसवावा. क्रेनची साखळी अडकवलेली असेल तेव्हा तर हे आणखी महत्त्वाचे, कारण परतीचा प्रवाह साखळीतूनही जाऊ शकतो आणि तिच्या कड्या बाहेरून न दिसता भाजतात.

बीम लांबीच्या दिशेने चालत असेल तर

काही ठिकाणी बीम जागच्या जागी फिरण्याऐवजी फिरता फिरता एका टोकाकडे सरकतो आणि रिंग रोलरवरून उतरायला येते. रोलरचा आस बीमच्या आसाला समांतर नसला की रिंग स्क्रूसारखी चालते. रोलर केवळ अर्धा अंश तिरका असला तरी १२०० मिलिमीटरची रिंग एका फेऱ्यात सुमारे ३३ मिलिमीटर सरकते. दोन्ही स्टँडांच्या कोपऱ्यांमधले कर्ण टेपने मोजावेत; ते सारखे आले पाहिजेत. उंची पाण्याच्या नळीने जुळवावी.

आपल्या भागात या दोषाचे एक खास कारण आहे. तापीखोऱ्यातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मुरमाचा पुरेसा भराव न टाकता तिच्यावर थेट ओतलेली फरशी दरवर्षी थोडी वर-खाली होते, आणि जानेवारीत अचूक लावलेले स्टँड ऑगस्टमध्ये कललेले सापडतात. आम्ही दोन्ही स्टँड एकाच सलग चॅनेलच्या चौकटीवर बसवले आणि चौकटीखाली कमी-जास्त करता येतील असे पाय ठेवले. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास एकदा आणि पाऊस स्थिरावल्यावर एकदा, अशी वर्षातून दोनदा पातळी पाहतो.

रोटेटरची मर्यादा

साखळ्या, दोर आणि उचलण्याची इतर साधने १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासून घेण्याचा नियम १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९व्या कलमाने घातला. रोटेटर काही उचलत नाही, म्हणून आमच्याकडे तो या वार्षिक तपासणीतून सुटत असे. आता त्याच दिवशी त्याचीही खीळ, जबडे, रोलर आणि ब्रेक तपासून नोंद करतो.

काही नग मात्र रोटेटरवर चढवूच नयेत. अर्ध्यावर मांडणी करूनही कडेवरची ओढ एका तेलकट रोलरच्या पकडीपेक्षा जास्त निघत असेल, किंवा ब्रॅकेटचे टोक फिरताना जमिनीला टेकण्याइतके लांब असेल, तर आम्ही मुख्य फिलेट रोटेटरवर पूर्ण करतो, बीम क्रेनने उतरवून घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) ठेवतो आणि ब्रॅकेट तेथे जोडतो. तो वेल्ड उभ्या अवस्थेत करावा लागतो, वेळ जास्त लागतो आणि त्यासाठी चांगला हात असलेला वेल्डर हवा. ते मान्य करून आम्ही दराच्या अंदाजातच त्याचा वेळ धरतो.